शेरा

व्हिएन्तियानमध्ये तिसऱ्या मजल्यावर
माझं टेबल खिडकीपासून लांब आहे.
नदी दिसत नाही, येते.
रोज सकाळी सात पाचला
मोबाइलच्या पडद्यावर,
दशांश चिन्हासकट.

पाठवणारी साव्हेत.
सीमेपलीकडे, स्टुंग त्रेंगच्या खाली कुठेशी
पाण्यात रोवलेली पट्टी, तिच्यावर रंगवलेले सेंटिमीटर,
आणि ते वाचायला वाकलेली ही बाई.
आधी तिचा बाप वाकायचा.
मानधन आमच्याकडून,
महिन्याला दोन पोती तांदूळ येतील इतकं.

एक पूर्णांक बेचाळीस, ती लिहायची.
एक पूर्णांक चाळीस.
कधी पुढे: आज जाळ्यात काही नाही.
कधी: भुईमूग धरला.
माझ्या तक्त्यात पातळीला रकाना आहे,
वेळेला आहे, केंद्र क्रमांकाला आहे.
भुईमुगाला नाही.
शेऱ्याचा रकाना होता पूर्वी,
सगळ्या देशांनी मिळून काढून टाकला,
कारण शेरा म्हणजे मत
आणि मत द्यायला राजदूत लागतो.

मी आकडा ठेवायचो, बाकीचं पुसायचो.
अकरा वर्षं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
चार पूर्णांक दहा.
खाली: आभाळ कोरडं आहे. पाणी चढतंय. कुणी सोडलं?

मी जिना चढलो.
वरचे म्हणाले, लिहिण्यात चूक असेल, पडताळा घ्या.
पडताळा घेतला.
मग वरच्यांच्या वरचे म्हणाले,
विसर्गाची सूचना वरच्या देशाकडून यायला हवी.
सूचना नाही, म्हणजे विसर्ग नाही.
ती आली. नऊ दिवसांनी, शिक्क्यासह.
नियमित देखभाल, असं तीत होतं.

एप्रिलात बैठक भरली.
विषय क्रमांक सात, जेवणानंतरचा.
टेबलावरचं पाणी बाटल्यांतलं, विमानाने आलेलं.
मसुद्यात होतं: सदस्य देश तीव्र चिंता व्यक्त करतात.
पहिल्या तासात तीव्र गेलं.
मग चिंतेभोवती चौकोनी कंस पडले,
आणि ती कोंडवाड्यातल्या गुरासारखी
दिवे लागेपर्यंत आत उभी राहिली.
शेवटी ठरलं: सदस्य देश नोंद घेतात.
एक पाहुणे तज्ज्ञ म्हणाले,
सुरक्षा म्हणजे आता नुसते रणगाडे नव्हेत.
टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.
खरंच होतं ते.

त्या मंगळवारचं मला नंतर कळलं,
नवं यंत्र बसवायला खाली गेलो तेव्हा.
साव्हेतची मळई रात्रीतून गेली होती,
भुईमूग, काकडी, मक्याच्या चार सऱ्या.
शेजारच्या यिमची होडी सुटली,
यिम तिच्यात झोपलेला.
सापडला दहा किलोमीटर खाली, झाडाला धरून,
आणि तेव्हापासून नदीकडे पाठ करून बसतो.
जेवायलासुद्धा.

हे सांगताना ती मासे साफ करत होती.
लहान मासे, बोटाएवढे.
माझं पोचलं होतं ना तुम्हाला, तिने विचारलं.
पोचलं होतं, मी म्हणालो,
तिच्याच भाषेत,
जी मी पुसता पुसता शिकलो.
तिने मान हलवली आणि पुढचा मासा घेतला.

यंत्र दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवतं.
त्याला सौरपट्टी आहे, अँटेना आहे,
वाकावं लागत नाही.
आकड्यानंतर ते काही लिहीत नाही.
साव्हेतचं मानधन जूनपासून बंद झालं,
त्या कागदावर सही माझीच.

मेसेज बंद झाले नाहीत.
आता त्यांत आकडा नसतो.
काल आला:
पाणी निळं झालंय.
शहरातली मुलं फोटो काढायला येतात.
गाळ नाही, हात घातला तर नखं दिसतात.
माझ्या बापाने असं पाणी बघितलं नव्हतं.

सात वाजून पाच मिनिटं झाली होती.
रिकाम्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता.
मी केंद्र क्रमांक टाकला.
वेळ टाकली.