रहाटाची गल

हर्णैच्या बंदरावरून आंजर्ल्याकडं निघालात
की सुक्या मासळीचा वास संपता संपता एक वळण,
तिथं पत्र्यावर हिरव्या अक्षरांत: मिनी गोल्फ.
शेवटचा फ उन्हानं खाल्लाय.
माणशी चाळीस. काठी मोडली तर दोनशे.
तिकिटावर मी, यमुना चोगले.

जागा उस्मानचाचा परकारांची.
सदतीस वर्षं बोटीवर, उतरले तेव्हा सारंग.
परक्या बंदरात माल उतरत असायचा,
बाकीचे खलाशी गुत्त्यात,
आणि हे एक नाणं टाकून
बुटक्या पवनचक्कीच्या पात्यांखालून
चेंडू ढकलत असायचे. एकटेच.

चाचा सांगतात,
स्कॉटलंडात हा खेळ आधी बायकांना दिला,
दीडशे वर्षं होऊन गेली.
दिला म्हणजे,
सगळ्यांचं जेवून झाल्यावर उरलेलं कालवण देतात तसा.
मोठं मैदान पुरुषांचं.
बाईनं काठी खांद्याच्या वर नेली
तर बरं दिसत नाही म्हणे.
म्हणून गवताचा एक तुकडा काढून दिला:
इथं काय ते हळूच ढकला.

मी हे आयेला सांगितलं.
ती डोईवरची चुंबळ सोडत होती.
"खांद्याच्या वर?" म्हणाली,
"माझा तर सगळा संसारच खांद्याच्या वर."

मग अमेरिकेत कुणाला गवत पोसेना,
त्यानं सरकीची टरफलं दळून, तेलात रंगवून
जमिनीवर चोपली. चेंडू छान पळायला लागला.
मागोमाग मंदी आली.
गिरण्यांना कुलपं, आणि लोक
गच्च्यांवर, पडीक जागांवर गली करत सुटले.
गटाराचा पाइप, जुना टायर, गंजकं पिंप,
जे टाकायचं ते मधे आडवं घातलं.
कामावर कुणी नाही, खेळाच्या रांगेत सगळे.

"उपाशी माणूस खेळतो, चाचा?"
"मासेमारी बंद असते तेव्हा
जेटीवर पत्ते कोण कुटतं गो?"

आमच्याकडं सरकी कुठली.
चाचांनी काजूची टरफलं पसरली,
पहिल्याच दिवशी तीन पोरं उतली.
मग भाताचा तूस. तो वाऱ्यानं नेला.
शेवटी दापोलीच्या मांडववाल्याचं
हिरवं कार्पेट, अजून कुणाच्या तरी लग्नातल्या
अक्षता त्याच्यात अडकलेल्या.

नऊ गली. होल म्हणायचं नाही.
गोट्या खेळताना टाचेनं गरकन फिरून करायचो
ती गल.
तिसरीला चिऱ्यांचा बुरूज, पाचवीला फुटकी होडी,
आणि सहावीला पवनचक्कीच्या जागी रहाट,
मोटारीवर फिरणारा, लोट्यांसकट.
चेंडू लोट्यात बसला तर वर चढतो,
माथ्यावर पोचतो, उलटतो,
पन्हळीतून गडगडत गलीपाशी.
घाईनं माराल तर लोटा तो
तुमच्याच पायाशी परत पाठवतो.
मे महिन्यात पुण्याच्या गाड्या येतात,
बाप लोक फटके मोजताना चुकतात,
पोरं रडतात, मी पेन्सिल पुरवते.

जूनमध्ये बंदरात होड्या वर काढतात.
गिऱ्हाईक नसतं.
एका संध्याकाळी आये आली,
बरोबर चांगुणा, हुसनाबी, लिलावातल्या आणखी दोघी.
चाचांनी पैसे घेतले नाहीत,
रहाट तेवढा चालू केला.
आयेनं पदर खोचला,
काठी डोक्यामागं नेली, लाकूड फोडताना नेतो तशी,
आणि हाणली.
चेंडू रहाटावरून, कुंपणावरून,
सुरूच्या झाडांवरून गेला. आवाजही आला नाही.
हुसनाबी हसून हसून खाली बसली.

चेंडू तीस रुपयांचा.
बदली आयेनं वाटाभर सुकट दिली.

आठवी गल वादळात वाहून गेली,
कार्डावर मात्र ती अजून छापलेली आहे.
लोक शोधतात, मग खिडकीशी येतात.
मी पाण्याकडं बोट दाखवते
आणि आठव्या रकान्यात
सगळ्यांना दोन-दोन लिहिते.
आयेच्या कार्डावर चाचांनी
एक लिहिलाय.