कोबीचा अर्धा गड्डा

आठ दिवस मिठात आणि लिंबाच्या रसात,
वर पाटा ठेवून दाबलेलं गोमांस
इनासिनाने सकाळी तीन पाण्यांनी धुतलं.
मिरी, तमालपत्र, चार लवंगा.
विजेच्या भांड्याचा खटका खाली.
"आठ तास," कुंपणावरून मला म्हणाली,
"मध्ये झाकण काढायचं नाही. बोटीवर हे कधी काढत नसत."

हे म्हणजे मार्सेलिन. बावीस वर्षं
तीनशे माणसांचं रांधून
काल असोळण्याला कायमचा परतला.
बलकावात बसून बटाटे सोलतोय,
दोनच पुरेत हे त्याला पटत नाहीये.

दुपारी वीज गेली.
नदीपलीकडेही नाही, म्हणजे लवकर यायची नाही.
मार्सेलिन उठला, चुलीकडे पाहिलं, पुन्हा बसला.
इनासिना झाकणावर तळहात ठेवून उभी,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा,
फक्त इथे
ताप उतरू नये म्हणून.

साडेपाचला पंखे हलले.
तिने गड्डा मधोमध चिरला.
अर्धा शेवटच्या तासासाठी बाजूला,
अर्धा कागदात गुंडाळून माझ्याकडे:
"तुमच्यात आमचं चालत नाही, मास्तर.
कोबी तरी एकच असू दे."

मोहरी, हिरवी मिरची, मूठभर खोबरं.
सात मिनिटांत माझी भाजी झाली.
जेवून, ताट घासून, दिवा मालवून पडलो,
तेव्हा कुठे पलीकडे झाकण निघाल्याचा आवाज.
मग चमच्यांचा.
मग बराच वेळ काहीच नाही,
आणि मग मार्सेलिन:
"बटाटे कमी पडले."