पाणी कुठे मुरतंय

बेटावर वजनकाटा एकच, बटाट्यांचा.
गोदामाच्या दाराशी लोखंडी फळी,
दांडीवर सरकवायचा गोळा.
"ह्यावर उभी राहू मी?" एदेल्मिरा ग्वेंतेओ म्हणाली,
"परवा ह्यावर डुक्कर होतं."
डुकराचं वजन तुम्ही किती नेमानं घेता, मी म्हटलं.
ती हसली, आणि हसू पुरं व्हायच्या आधीच
धाप लागून थांबली.

चिलोएहून मंगळवारची लाँच मला इथं सोडते,
ओहोटीआधी परत नेते.
तेवढ्यात एका हृदयाबद्दल सांगायचं.
बंद पडलेलं नाही हो, थकलंय.
होडीतला पंप जुना झाला की तळाशी कसं…
"होडीचं नको सांगूस," ती म्हणाली,
"माझा नवरा होडीतच गेला."

मग होडी सोडली.
तिच्या घोट्यावर अंगठा दाबून धरला, उचलला.
खळगा तसाच राहिला,
मळलेल्या पिठात राहतो तसा.
आम्ही दोघी तो भरून यायची वाट बघत बसलो.
बराच वेळ.

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, मातेचा घोट घ्यायच्या आधी,
रोज त्याच झग्यात, फळीवर.
भिंतीवर कोळशाची रेघ.
तीन दिवसांत दोन किलो वाढलं
तर पांढरी गोळी एक जादा, आणि वायरलेस.
मंगळवारची वाट बघायची नाही.
तिनं मान हलवली. सगळेच हलवतात.

दम लागतो तो वयानं, पाय सुजतात ते थंडीनं,
रात्रीचा खोकला चुलीच्या धुराचा:
तिनं आधीच सगळ्यांची बारशी उरकलेली.
सात बाळंतपणं, एक भूकंप अंगावर काढलेली बाई.
मी काय शिकवणार?

"उशा किती लागतात?"
"दोन."
दर मंगळवारी दोन.
पायावरची सूज मात्र हटेना.
चौथ्या खेपेला चुलीपाशी हात शेकायला गेले,
तर खुर्चीवर घोंगडी, बसून बसून खोलगट झालेली,
आणि पलंगावर, दोन्ही उशांच्या मधोमध,
मांजर.
पाणी इथं मुरत होतं.
ती खोटं बोलली नव्हती.
मीच कधी विचारलं नव्हतं, झोपता कुठे?

त्या दिवशी रेघा कमी बोललो.
खुर्चीबद्दल बोललो.

पुढच्या आठवड्यात बंदरावरच्या पोरानं
वायरलेसवरचा निरोप कागदावर आणून दिला, हसत.
सगळी बेटं ऐकतात तो वायरलेस,
म्हणून तिनं असा पाठवलेला:
यास्ना बारियाला सांगा,
पोतं दोन किलोनं जड भरतंय कालपासून.
पांढरं बियाणं एक जादा टाकलंय.
मांजराला पुन्हा पलंग दिलाय.

"बटाटे घेतेस की काय तिच्याकडून?"
मी बॅग उचलली.
लाँचवाला म्हणाला, आज मंगळवार नाही.
नाहीच, म्हटलं, सोड दोर.