बुधवारचा पेंढा

बुधवारी पेंढा आला की कुत्र्यांना कळतं,
उद्या तिबेरिऊ येणार.
ताजा, पिवळाधमक, गुडघाभर पेंढा.
एरवी नुसतं सिमेंट. थंडीत त्यावर मूत गोठतं
आणि सकाळी मी ते खुरप्यानं खरवडते.

महापौरबाई, मी झाम्फिरा.
साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, एकवीस वर्षं.
बीटनं भरलेली गाडी, मग तीच रिकामी.
भरलेल्यातून रिकामी वजा केली की उरतं ते खरं.

इथंही तेच करते.
नोव्हेंबरात जुने-नवे मिळून एकसष्ट.
पिंजऱ्यांत उरले बावीस.
रजिस्टर म्हणतं, एकोणचाळीस दत्तक गेले.
अख्ख्या वालेआ-सेआकात दारं तरी किती?
चौदा तर एकाच रात्रीत,
एकाच पेनानं, एकाच तिरप्या अक्षरात.
आणि नेणाऱ्यांत नाव आहे आपल्या जुन्या पोस्टमनचं,
ज्याच्या मातीला मी स्वतः गेले होते,
मे महिन्यात.

हारालांबिए साहेब वाईट आहेत असं मी म्हणत नाही.
कुत्रा आत आला की त्यांना चारशे लेई मिळतात.
बाहेर कसा गेला, हे कुणी विचारत नाही.
तिबेरिऊ त्यांचा साडू.
सोमवारी फोन करतो, गुरुवारी येतो,
आलुबुखाराची घरची दारू घेतो, सही करतो.
कुंपण शेत खातं म्हणतात.
आपल्याकडे कुंपणच शेताला विचारतं, सगळं ठीक ना?
आणि शेताच्या वतीनं
ठीक, असंही तेच म्हणतं.

मामालिगा म्हणून एक होती. मक्याच्या पिठाच्या रंगाची,
एक कान दुमडलेला, दुसऱ्यात बिल्ला, चारशे सतरा.
बादली ठेवली की ती आधी
माझ्या तोंडाकडे बघायची.
शुक्रवारी तिचा पिंजरा आधीच धुतलेला होता.
बिल्ला भट्टीमागच्या बर्फात सापडला.
आणलाय. हा.

तीन मिनिटं दिलीत, दोन संपली असतील.
एक माणूस द्या, जो इथं कुणाचाच कुणी नाही.
दुसऱ्या जिल्ह्यातला डॉक्टर, एखादी शाळेतली बाई,
हातात स्वतःची किल्ली.
रविवारी पहाटे येऊ दे, फोन न करता.
जिवंत मोजू दे, फ्रीझरमधले मोजू दे,
आणि लिहील ते या इमारतीच्या दारावर लागू दे,
साहेबांच्या खणात नको.

साहेब स्वच्छ असतील तर त्यांनाही हे बरंच.
भल्या शेतकऱ्यांच्या गाड्याही काट्यावर चढायच्या,
कुणी अपमान मानला नाही.

आज बुधवार.
येताना वाटेत ट्रॅक्टर दिसला, पेंढ्यानं भरलेला.
उद्याऐवजी तुमच्यातलं कुणी आत्ता येतं का?
माझ्याकडे गमबुटांचा एक जोड जादा आहे.
त्रेचाळीस नंबर.