सोबतचं पत्र

माझ्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर एक फाइल आहे,
'अर्ज_नवीन_फायनल_३'.
अकरा वर्षांत देवगडातली निम्मी पोरं
तिच्यातून पार झाली.
नाव बदलायचं, तारीख, हुद्दा.
बाकी तसंच: मी मेहनती, प्रामाणिक, होतकरू,
आपल्या नामांकित संस्थेत सेवेची संधी मिळावी.
एकदा चिपळूणच्या कंपनीला गेलेल्या पत्रात
कुडाळच्या कंपनीवरचं नितांत प्रेम
तसंच राहून गेलं.
तो मुलगा मला काही बोलला नाही.
झेरॉक्स मात्र तेव्हापासून समोरच्याकडे काढतो.

काल हर्षला कोळंबकर आली,
लिलाव आटोपल्यावर, पायांत अजून बंदरावरचा चिखल.
मार्कशीटं प्लॅस्टिकच्या पिशवीत,
पिशवीला कोळंबीचा वास,
आणि कात्रण: रत्नागिरीत मासळी गोठवणारी कंपनी,
स्टोअर असिस्टंट, जागा एक,
अर्जासोबत एका पानाचे पत्र जोडावे.
"तयार असता ना तुमच्याकडे?"

फाइल उघडलीच होती मी.
"अनुभव?" सवयीने विचारलं.
"नाय. आवशीच्या बाजूक बसान
लिलावाचे आकडे लिवतंय, तितक्याच."
"कधीपासून?"
"सातवीत होतंय तेव्हापासून."

मी माऊसवरचा हात काढला.

मग ती सांगत गेली, मध्येच थांबून,
ह्यात सांगण्यासारखं काय, अशा नजरेने:
दोघे एकदम बोली ओरडले
तर तोंडांकडे बघायचं नाही, आवशीच्या अंगठ्याकडे बघायचं.
बोटीचं नाव लिहायचं नाही, तांडेलाचं लिहायचं,
कारण बंदरात 'समुद्रलक्ष्मी' तीन आहेत.
वजनातून बर्फ वजा. ओल्या टोपलीचं वेगळं.
गेल्या मार्गशीर्षात बर्फाची गाडी दोन दिवस आली नाही,
तेव्हा कुणाचा माल आधी काढायचा
हे तिने कल्ले उघडून ठरवलं,
आणि बापयांनी ऐकलं.
एकदा अकराशेचा फरक निघाला.
"चूक आमच्या फायद्याची होती.
ती पण लिवलंय."

"महोदय" टाइप केलं, तर म्हणाली, कोण महोदय?
कात्रणावर नंबर होता. तिने तिथेच फोन लावला.
मॅनेजर बाई निघाल्या, शमीम बागवान.
अकरा वर्षांत हा फोन
मला कधी सुचला नव्हता.

पत्र होत आलं. चौदा ओळी.
बर्फाची गाडी, अंगठा, अकराशे रुपये.
मला राहवेना. शेवटी एक वाक्य
मी माझ्या पदरचं घातलं:
'अथांग दर्याने मला हिशोब शिकवला.'
घातलं, आणि खुर्चीत जरा मागे रेललो.

तिने वाचलं. स्क्रीनवर बोट ठेवलं,
बोटाला खवल्याचा एक चमकता ठिपका.
"ह्या काढा.
दर्यान माका कायएक शिकवूक नाय.
आवशीन शिकवल्यान."

काढलं.

जाड कागदावर प्रिंट दिली.
सही तिने लिलावाच्या वहीत करते तशी केली,
खाली तारीख, तारखेखाली रेघ.
वीस रुपये दिले, मग तीच वही काढून
उभ्या उभ्या नोंद केली: पत्र, २०.
नोकरी लागेल की नाही, मला ठाऊक नाही.
एका जागेला दोनशे तरी अर्ज जातील,
त्यातले काही माझेच.

रात्री शटर अर्धं ओढून
ती जुनी फाइल उघडली.
'होतकरू' खोडलं. 'नामांकित' खोडलं.
'मेहनती'पाशी बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
त्या जागी काय लिहायचं
हे आधी माणूस आल्याशिवाय
कसं कळणार?
जागा रिकामीच ठेवली.
सेव्ह केलं.