सहावा खंड, पान सत्तेचाळीस

दर मंगळवारी प्रोफेसर हॅलोरन येतात,
बुटांवरचं बर्फ पायपुसण्यावर झटकून,
आणि मागतात तोच खंड. सहावा.
मी म्हणतो, घरीच घेऊन जा की एकदाचा.
त्या हसत नाहीत.
या नकाशाघराचे नियम त्यांना माझ्याहून पाठ.

विमा कंपनीने काढलेलं बफेलो शहर हे.
गुलाबी म्हणजे वीट, पिवळं म्हणजे लाकूड.
कंपनीला एकच कुतूहल:
हे घर पेटलं तर शेजारचं कितीशा वेळात पेटेल?
तेवढ्या प्रश्नाच्या उजेडात
नऊ वर्षं बाई एक गल्ली शोधतायत.

वस्ती बदलली की कंपनी नवा नकाशा काढत नसे,
चिठ्ठी कापून जुन्यावर खळीने चिकटवी.
सत्तेचाळीसाव्या पानावर अशी एक मोठी चिठ्ठी,
तिच्यावर एकच शब्द: पार्किंग.
पानाखाली दिवा धरला
की तिच्या पोटात अकरा पिवळी घरं,
एक लाँड्री,
आणि एक चर्च. "ऊब: शेगडी", अशी नोंद.

फेब्रुवारीत त्या एका म्हाताऱ्या बाईंना घेऊन आल्या.
ओडेला क्रूम. एकोणनव्वद.
वॉकरच्या पायांना टेनिसचे चेंडू.
प्रोफेसर जपून बोलत होत्या:
विस्थापन, पुनर्विकास, महामार्ग.
भाजी निवडताना रेडिओ ऐकावा
तशा ओडेलाबाई ऐकत होत्या.
मग त्यांनी हातमोजा काढला
आणि नकाशावर बोट ठेवलं.

"चुकलंय हे.
इथे पाच पायऱ्या होत्या. तिसरी मोडकी.
पोस्टमन दोनदा पडला.
दुसऱ्यांदा पपांनी त्याला आत आणून पाय शेकायला पाणी दिलं,
पण पायरीला हात लावला नाही.
म्हणाले, भाडं खातो त्यानं करावी."

"घरमालकाचं नाव आठवतं?"

"नाव कशाला लागतंय?
आम्ही त्याला शुक्रवार म्हणायचो."

प्रोफेसरांचं पेन तसंच हवेत.
नऊ वर्षांत पहिल्यांदा
त्या मोठ्याने हसल्या इथे,
आणि मला त्यांना गप्प करावं लागलं.

त्या गेल्यावर दिवा मालवला.
पान पुन्हा पार्किंग झालं.
फक्त चिठ्ठीच्या कडेला एक तेलकट ठसा,
हँडलोशनचा वास असलेला.

हानीच्या वहीत नोंद करावीच लागते:
खंड सहा, पान सत्तेचाळीस, डाग एक.
शेवटचा रकाना, कारण.
तो दोन दिवस मोकळा ठेवला.
गुरुवारी लिहिलं:
रहिवासी.