दोन रकाने

माझ्या वहीत दोन रकाने:
डावीकडे गाडी असलेले,
उजवीकडे दवाखान्यात जायचं असलेले.
यॉर्कटन इथून एकशेदहा किलोमीटर.
बस कधीच बंद झाली.

ओरिसिया ह्नाटियुक, वय चौऱ्याऐंशी,
मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस.
गाडी साडेसहाला;
ती पाचपासून बूट घालून खिडकीशी.
"उगाच कुणाचा खोळंबा नको."
डॅशबोर्डवर ठेवते
कागदात गुंडाळलेली दोन उकडलेली अंडी.
भाडं.

अकरा वर्षं लेलंड नेत होता तिला,
उणे तीसमध्येसुद्धा.
नोव्हेंबरात त्याचा फोन आला:
"हरीण दिसलंच नाही मला.
वाचलं ते."
मग बराच वेळ नुसता श्वास.
मी खोडरबर शोधत राहिले.
त्याचं नाव पेनानं लिहिलेलं.

आता डोळ्यांच्या इंजेक्शनला
तोही यॉर्कटनलाच,
मागच्या सीटवर, ओरिसियाशेजारी.
गाडी चालवते पोस्टातून निवृत्त झालेली मर्ना.
अंडी आता चार.

मर्ना सांगत होती परवा:
बोलत नाही फारसा.
पण रेल्वे क्रॉसिंग आलं, की
उजवा पाय
समोरच्या मॅटवर दाबतो,
अगदी वेळेवर,
आणि गाडी थांबते.